रिकाम्या टेबलाचा स्कॅन

सकाळी आमचं पहिलं काम म्हणजे काहीच नसल्याचा फोटो काढायचा. नवीन आलेल्या पोरींना हे सांगितलं की त्या हसतात. पण मशीनवर विश्वास ठेवायचा तर ते रिकाम्या टेबलावर काय दाखवतं हे आधी बघावं लागतं. पेशंट नाही, औषध नाही, दार बंद. थोडा वेळ मशीनला नुसतं बघू द्यायचं. भिंतीतून, जमिनीतून, आकाशातून जे काही किरण सतत येत असतात त्यांचे बारीक करडे ठिपके पडद्यावर उमटतात. ते सगळीकडे सारखे पसरलेले असले की ‘ठीक’ अशी खूण करायची आणि आमच्या आया मंगलाबाईंनी आणलेला चहा प्यायचा. देवपूजा मी कधी नेमाने केली नाही, पण हे एक काम कधी चुकवलं नाही.

मी लतिका. मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात हाडांचे स्कॅन करते. एक्स-रेत हाड कसं आहे ते कळतं, आमच्याकडे हाड काय करतंय ते कळतं. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध टोचायचं आणि दोन-तीन तास थांबायचं. हाड जिथे नवं बनत असतं तिथे ते औषध जाऊन बसतं आणि चित्रात चमकतं. मोडलेलं हाड जुळत असेल तर चांगलंच चमकतं. मेलेलं हाड औषध घेतच नाही. बाकीचं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

श्रावणात माझा नवरा गेला. ‘गेला’ म्हणजे नक्की काय, तेच तर ठरत नव्हतं.

वेणीमाधव त्याचं नाव, आम्ही माधव म्हणायचो. घराणं रामकुंडावरच्या पुरोहितांचं, आणि याने आयुष्यभर काय केलं, तर गिधाडांवर संशोधन. मेलेल्या गुरांच्या वासाचे कपडे मी वेगळ्या बादलीत धुवायचे. पेठच्या पुढे डोंगरात एका कड्यावर गिधाडांची घरटी आहेत. त्यातल्या एका गिधाडाच्या पाठीवर त्याने छोटं यंत्र बसवलं होतं. ते गिधाड कुठे फिरतं, कुठे उतरतं, सगळं फोनवरच्या नकाशात दिसायचं. त्याचं नाव ठेवलं तात्या, आमच्या टकल्या काकांवरून. तो नकाशा माझ्याही फोनवर टाकून दिला होता. म्हणे, “मला तिकडे रेंज नसते, तू लक्ष ठेव तात्यावर.” जसं काही मला दुसरा उद्योगच नाही!

कड्याखाली एक खोल, अरुंद घळ आहे. तिच्या काठावर माधवची सॅक मिळाली, एक बूट मिळाला. घळीला तेव्हा मुसळधार पावसाचं पाणी होतं. पोलीस आले, गावातली माणसं उतरली, ड्रोन फिरवून झाला. धोंडीराम म्हणून तिथलाच एक माणूस माधवबरोबर काम करायचा, तो दोर बांधून तळापर्यंत जाऊन आला. काही नाही. वाहून गेला असेल, असं सगळे म्हणाले. दसऱ्यापर्यंत मी दर रविवारी जात राहिले. मग गुडघे बोलायला लागले, आणि खरं सांगायचं तर मनही. कंटाळा हा शब्द नवऱ्याच्या शोधाला वापरू नये, पण मी कंटाळले होते.

दिवाळीनंतर एका सकाळी रिकाम्या टेबलाच्या चित्रात मधोमध ठिपके जरा दाट दिसले.

पहिला विचार हाच येतो की कुठेतरी औषधाचा थेंब सांडला. टेबल पुसलं, चादर बदलली, जमीन पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंपनीचा इंजिनिअर आला, मशीन उघडून अर्धा दिवस बसला आणि “मॅडम, मशीन एकदम ओके” म्हणून निघून गेला. पेशंटचे स्कॅन उत्तम येत होते. फक्त सकाळचं रिकामं चित्र रोज थोडं भरत चाललं होतं. आधी नुसता लांबट ढग होता. मग त्यात खांदा दिसला, कंबर दिसली, फासळ्या दिसल्या.

आमचे पेशंट उताणे झोपतात. हा कुशीवर होता. गुडघे पोटाशी, एक हात डोक्याखाली. माधव तसाच झोपायचा, मग मला पलंगाच्या कडेला जेमतेम वीतभर जागा उरायची.

मी कुणाला सांगितलं नाही. काय बोलणार? बाई खुळावली म्हणाले असते आणि सक्तीची रजा दिली असती.

मग डावा पाय उमटला. गुडघ्याखाली मोडलेला, वाकडा. मोडल्या जागी ठिपका चमकत होता आणि रोज जास्त चमकत होता. एका सकाळी बघते तर पाय सरळ. कुणीतरी ओढून, बसवून, नीट बांधावा तसा. हाड जुळत होतं. मला इतका आनंद झाला की मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

बाहेर मंगलाबाई उभ्या होत्या. “मॅडम, आज एवढ्या लवकर पेशंट घेतला का?”

“नाही. का हो?”

“कण्हल्यागत ऐकू आलं मशीनच्या खोलीतून,” त्या म्हणाल्या, आणि कप उचलून गेल्या. त्या दिवसापासून चहा त्या दाराबाहेरच ठेवायला लागल्या.

मी धोंडीरामला फोन लावला. पुन्हा उतर म्हटलं, हातापाया पडते म्हटलं. बिचारा उतरला. “ताई, पानी आटलंय, घळ पार उघडी पडली. काय बी नाय तिथं. ऊन बी पोचत नाय, नुसता गारठा.”

“आणि गिधाडं?”

“रोज वरून फिरत्यात. उतरत मात्र नाय.”

ते मला माहीत होतं. तात्या रोज दुपारी त्या घळीवर गोल गोल फिरायचा आणि कड्यावर परत जायचा. माधव म्हणायचा, गिधाडाइतकं सभ्य जनावर नाही, जीव आहे तोवर ते थांबतं. मी जेवताना, भाजी घेताना, द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकलेली असताना तो ठिपका बघायची. तात्या उतरला नाही म्हणजे आजचा दिवस निभावला.

मार्गशीर्षात माझी लेक सई पुण्याहून आली आणि धाकटा दीर आल्हाद बंगळूरहून. आल्हाद कणांचा शास्त्रज्ञ. आकाशातून पडणारे कण जमिनीखालच्या बोगद्यात बसून मोजायचे, यात त्याचे केस पिकले. दोघं आले होते ते एक गोष्ट ठरवायला. माणूस मेला आणि देह मिळाला नाही, तर आमच्यात पळसाच्या काड्यांचा पुतळा करतात, त्यालाच अग्नी देतात आणि पुढचं सगळं करतात. आमच्या चुलतदिरांनी मुहूर्तही काढून ठेवला होता.

“आई, मला झोप लागत नाही गं,” सई म्हणाली. “रोज बाबांचा फोन वाजल्यासारखा होतो. उठते, बघते, काही नसतं. मला एकदा रडून घ्यायचंय.” तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. माझीच पोर, पण मला तिच्याकडे बघवेना.

मी आल्हादला सकाळी हॉस्पिटलात नेलं. काही न सांगता चित्र काढलं. तो खुर्ची ओढून बसला, चष्मा पुसून पुन्हा बघत राहिला.

“खालचं चित्र दाखवा,” तो म्हणाला.

आमच्या मशीनला दोन डोकी असतात. एक टेबलाच्या वर, खाली बघणारं. एक टेबलाच्या खाली, वर बघणारं. इतके दिवस मी वरच्याचंच चित्र बघत बसले होते. खालच्याचं काढलं. ते कोरं होतं. करडे ठिपके, सगळीकडे सारखे.

“टेबलावर काही असतं तर दोन्हीत दिसलं असतं,” आल्हाद हळूच म्हणाला. “हे टेबलावर नाहीये, वहिनी. खालच्या डोक्याच्या पाठीमागे आहे, म्हणून त्याला दिसत नाही. हे खालून येतंय.”

खाली पार्किंग आहे. आम्ही जिना उतरून गेलो. बरोबर त्या जागी माझीच स्कूटर लावलेली होती. ती सरकवून आल्हाद गुडघ्यावर बसला, फरशीला हात लावून तसाच राहिला. त्याच्याखाली माती, मग काळा दगड, मग काय ते त्यालाच ठाऊक.

“जन्मभर मी वरून येणारे कण मोजले,” तो म्हणाला. “खालून येणारा एखादा सापडला की आम्ही सण करायचो. इथे अख्खा माणूस येतोय.”

“तो जिवंत आहे, आल्हाद. हाड जुळतंय त्याचं. मेलेलं हाड चमकत नाही.”

“जिवंत माणसाचंही औषध टोचल्याशिवाय चमकत नाही, वहिनी. हे तुम्हीच मला शिकवलंय. दादाला कोणी टोचलं?”



मला वाटलं होतं, हा शिकलेला माणूस माझ्या बाजूने उभा राहील. उलट तोच घाबरला. हात रुमालाला पुसत होता, पुन्हा पुन्हा पुसत होता. “हे काय आहे मला माहीत नाही,” म्हणाला, “पण हे असं अडकून राहणं बरं नाही. आपण दादाला मोकळं करू या.”

एकीकडे दीर, एकीकडे लेक, आणि माझ्याकडे पुरावा काय, तर रिकाम्या टेबलाचं चित्र आणि तात्या नावाचं गिधाड. मी हात टेकले. थकलेल्या माणसाला ‘हो’ म्हणणं सोपं असतं.

दर्भावर पुतळा मांडला. हाडांच्या जागी पळसाच्या हिरव्या काड्या, लोकरीच्या दोऱ्याने बांधलेल्या. डोक्याच्या जागी नारळ. डाव्या पायाच्या काड्या बांधायला घेतल्या तेव्हा मी एकदम “थांबा” म्हटलं.

“काय झालं, वहिनी?” चुलतदिरांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. सईचे ओठ थरथरत होते.

“काही नाही. चालू द्या.”

अमरधाम स्मशानात अग्नी दिला. काड्या ओल्या होत्या, धूर फार झाला. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा सईने हंबरडा फोडला. घरी येऊन ती जी झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत. मलाही हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, श्रावणानंतर पहिल्यांदा मी पाय लांब करून झोपले.

सकाळी सुतकातच कामावर गेले. घरात बसवेना.

दार लावलं. चित्र काढलं.

कोरं. कुशीवरचा माणूस नाही, पाय नाही, तो चमकणारा ठिपका नाही. करडे ठिपके, सगळीकडे सारखे. मी ‘ठीक’ अशी खूण केली. मंगलाबाईंनी चहा आत आणून दिला, कितीतरी दिवसांनी.

कप तोंडाला लावला आणि सवयीने फोन उघडला.

तात्या उतरला होता.

कड्यावर नाही. घळीत, तळाला. उजाडल्यापासून तिथेच होता, जरासुद्धा हलला नव्हता.

धोंडीरामचा फोन लागायला फार वेळ गेला. तो माणसं घेऊन उतरला आणि दुपारी वर चढून, जिथे रेंज येते तिथून त्याने मला फोन केला. धाप लागली होती.

“ताई, गिधाडं उतरलीत. लय हायेत.”

“साहेब...”

“नाय. मानूस नाय, ताई.”

“मग काय आहे?”

मागे कुणीतरी ओकत होतं.

“काड्या हायेत. पळसाच्या. लोकरीनं बांधल्यात, मानसावानी. डोक्याच्या जागी नारळ. कुशीवर ठेवलंय.”

“जळलेल्या?”

“नाय, हिरव्यागार. अन् गिधाडं तेच फाडून खात्यात, ताई. दगड मारले तरी हटत नाय.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“डाव्या पायाला बांबूच्या कामट्या लावल्यात,” तो म्हणाला. “वरून सायबाचा पंचा आवळलाय. तो निळ्या काठाचा, उन्हात डोक्याला बांधायचे तो. म्या सोडून घेतला. हातात हाय माझ्या.”

“बरं.”

“ताई, खाली सोडला तवाच पंचा कोमट व्हता.”

“उन्हाने तापला असेल, धोंडीराम.”

“ताई,” तो म्हणाला, “घळीत ऊन येतच नाय.”