दात न घासता या

डिंपल निकेशशी बोलली तो पहिला शब्द होता — “थुंका.”

साल २००४. मूल गावच्या दवाखान्यात तो पोट धरून बाकावर दुमडून बसला होता. तळ्यात मासे धरणारा पंचविशीतला गडी, पण कळच अशी उठली की पहाटे तोंडही न धुता आला होता. डिंपलने झाकणाची नळी पुढे केली. त्याने तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मुकाट्याने थुंकला. नमुना हवा तसा मिळाला. पुढचे त्रासाचे दिवस तिने त्या सुखाच्या आठवणीवरच काढले.

पोटातल्या जंतूंसाठी डॉक्टर चौदा दिवस गोळ्या देत. त्या गोळ्यांनी तोंडातल्या जंतूंचं काय होतं, कोणते मरतात, कोणते परततात, कोणते गोळ्यांना न जुमानता ठाण मांडून बसतात, हे नागपूरच्या संशोधक शगुफ्ता मॅडमना शोधायचं होतं. नमुने गोळा करायचं काम डिंपलचं. प्रत्येकाचे तीन : गोळ्यांआधी, चौदाव्या दिवशी आणि दोन महिन्यांनी. अट एकच, सकाळी दात न घासता, काही न खाता यायचं. आठ जणांचे तिन्ही नमुने झाले तरच मूलचं काम धरलं जाणार होतं. सात जण झाले. आठवा होता निकेश!

चौदाव्या दिवशी तो आला, तो दात लखलखीत करून.

“निकेशभाऊ, घासू नका म्हटलं होतं ना?”

“मॅडम, तोंड लोखंड चाटल्यावानी लागून राह्यलं. जीभ पाहा, पांढरीफटक! असं तोंड घेऊन तुमच्यापुढं कसा येऊ?”

“असंच तर पाहिजे मले!”

“अन् ते भाऊ काऊन म्हनता?”

तिने कपाळावर हात मारला. एका दिवसाची सवलत होती म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच ती स्वतः तळ्यावर गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला निकेश तिला पाहून गडबडला. पाठ फिरवून थुंकला आणि हात लांब करून नळी दिली. काय माणूस आहे, असं पुटपुटत ती परतली. पण त्याची ती ओली पाठ काही केल्या मनातून जाईना, याचाही तिला रागच आला.

दोन महिने गेले. बुधवारी तो बडीशेप खाऊन आला. गुरुवारी दात घासून, वर इलायची! शुक्रवारी सकाळी नमुने न्यायला नागपूरची गाडी येणार होती, म्हणजे या खेपेला तळ्यावर जायला डिंपलला जागचं हलताही येणार नव्हतं.

“मुद्दाम करता का?” तिचा आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं. “सहा महिन्यांची मेहनत आहे माही! तुमच्या एका इलायचीपायी सारी पान्यात!”

निकेशचं हसू मावळलं. तो सायकलवर बसून निघून गेला. जास्तच बोललो का आपण? तिला रडू आवरेना. नमुन्यासाठी आलं, असं तिने स्वतःला बजावलं...

शुक्रवारी गाडीचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून मोकळा झाला. तेवढ्यात फाटकातून सायकल आत शिरली. निकेशने तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळला होता. त्याने इशाऱ्यानेच नळी मागितली, कोपऱ्यात जाऊन भरली, टेबलावर ठेवली आणि चार पावलं मागे सरकला.

डिंपलने धावत जाऊन नळी बर्फाच्या पेटीत ठेवली. गाडी गेली. आठ पूर्ण झाले! ती परतली तर तो तिथेच, तसाच उभा.

“काऊन बोलत नाई?”

“वास येते,” तो दुपट्ट्याआडून म्हणाला. “आधीच मासोळीवाला मानूस मी... तुमच्यापुढं तरी चांगलं दिसावं, म्हनून घासत होतो. मुद्दाम नाई केलं. पन काल तुमच्या डोळ्यात पानी आलं. मंग म्हटलं, जाऊ दे इज्जत. तुम्ही आवडता मले... लय आवडता.”

इतक्या दिवसांचा तिचा राग क्षणात कुठल्या कुठे गेला आणि छातीत नुसती धडधड उरली. आपल्याला हा माणूस हवा आहे, हे तिला लख्ख कळलं.

“घरी जा,” ती म्हणाली. “दात घासा. संध्याकाळी बसस्टँडवर या.”

“अजून नमुना?”

“नाई. नमुना नाई.”

दुपट्ट्याच्या वर त्याचे डोळे हसू लागले. “इलायची खाल्ली तर चालन?”

“चालन,” डिंपल म्हणाली. “अन् एक माह्यासाठी आना... निकेश.”