आडवे ओघळ

"खून झालाय," असं गॅलरीची मालकीण फोनवर म्हणाली, म्हणून इन्स्पेक्टरबाई चहा अर्धा टाकून निघाल्या. पोचल्यावर कळलं की खून एका चित्राचा झाला होता.

बाईंनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने छताकडे पाहिलं.

"माणूस कुणी मेलेला नाही ना?" बाईंनी विचारलं.

"कलाकृती मेली म्हणजे कलावंत मेलाच की," मालकीण म्हणाली. एका हाताने ती डोळ्यांच्या कडा टिपत होती. दुसऱ्या हाताने तिसऱ्या वर्तमानपत्राला मेसेज पाठवत होती.

त्या दिवशी पाच वाजता सहा कलाकारांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. पुढच्या दालनात पाच जणांची कामं लागली होती. एकाने छताला चौदा बादल्या टांगल्या होत्या. दुसऱ्याने स्वतःच्या दातांचे एक्स-रे चौकटीत बसवले होते. बाईंचे वडील रंगारी होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती पांढऱ्या केल्या आणि त्यांना कुणी कलावंत म्हटलं नाही. त्यामुळे असल्या जागी आलं की बाईंच्या कपाळावर आपोआप आठी पडायची.

"मेलेलं कुठंय?"

मालकीण त्यांना मागच्या अरुंद बोळात घेऊन गेली. तिथे, शौचालयाच्या दाराला लागून, ते टांगलेलं होतं. नऊ फूट उंच. एका जुन्या दुकानाचं लाकडी दार, त्यावर फाटक्या पोस्टरांचे थरावर थर, डांबराचे फटकारे, पत्र्याचे तुकडे आणि वरून निळा-नारिंगी स्प्रे. निळ्या रंगाचे ओघळ खाली न येता सरळ डावीकडे गेलेले. आणि या सगळ्यावर, काळ्या स्प्रेने एका रेघेत काढलेला माणसाएवढा उंदीर. त्याच्या शेपटीचे दोन फटके चित्रावर आरपार. त्या काळ्या रेघेलाही ओघळ सुटले होते आणि निळ्यांच्या गर्दीत मिसळले होते.

उजव्या कोपऱ्यात, खाली, वीतभर रुंद फळी चार स्क्रूंनी बसवली होती. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'चिमणी'. उंदराची शेपूट फळीपाशी आली होती आणि वळसा घालून गेली होती. फळीवर काळा ठिपकासुद्धा नव्हता.

मालकिणीने बाईंच्या हातात छापील पत्रक ठेवलं. ज्याचं हे काम, त्याला सगळे डबा म्हणत, कारण रस्त्यावर भिंती रंगवायचा तेव्हापासून स्प्रेचा डबा त्याच्या हातातून सुटलेला नव्हता. पत्रकात लिहिलं होतं, 'त्याचे आडवे ओघळ हा गुरुत्वाकर्षणालाच दिलेला नकार आहे.'

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. ओघळ सुटला की वडील मदतनिसाच्या पाठीत धपाटा घालायचे.

डबा बोळाच्या टोकाला, भिंतीला टेकून बसला होता. पस्तिशीचा, दाढी कोरलेली. पँट गुडघ्यावर फाटलेली आणि तिला कडक इस्त्री.

"तुम्ही कधी पाहिलंत?"

"साडेआठला. दिवे नीट करायला आलो होतो. रखवालदारानं दार उघडलं. येऊन बघतो तर चादर खाली पडलेली आणि हे असं."

"चादर कसली?"

"काम चादरीत बांधून आणलं होतं. काल संध्याकाळी मजुरांनी तसंच टांगलं. उद्घाटनालाच उघडायचं, असं मी सांगितलं होतं."

"बांधलं कुणी?"

"मीच. माझ्या कामाला मी कुणाला हात लावू देत नाही. स्टुडिओची किल्लीसुद्धा दुसऱ्या कुणाकडे नाही."

"म्हणजे काल गॅलरीत हे उघडं कुणी पाहिलं नाही?"

"नाही. मालकीणबाईंनी आठवड्यापूर्वी माझ्याकडे येऊन पाहिलं, तेवढंच."

"काळा स्प्रे तुम्ही वापरता?"

"कधीच नाही. माझा काळा म्हणजे डांबर. ब्रशनं." तो जरा थांबला. "काळा स्प्रे हा त्याचा रंग."

"कुणाचा?"

डब्याने उसासा टाकला. "आम्ही तिघं होतो. मी, उंदीर आणि उंदराची बहीण चिमणी. एकत्र भिंती रंगवायचो. चार वर्षांपूर्वी ती पुलाचा कठडा रंगवताना पडली. गेली. ही फळी म्हणजे तिनं शेवटचं लिहिलेलं नाव. एका बंद दुकानाच्या दारावर होतं. मी ते कापून आणलं."

"विचारून?"

"कुणाला विचारणार? दुकान बंद होतं."

"तिच्या भावाला."

डब्याने खांदे उडवले. "तो मागत होता. दोनदा येऊन शिव्या देऊन गेला. मी म्हटलं, माझ्या कामात राहिली तर अमर होईल. त्याला कळलं नाही. गाढवाला गुळाची चव काय?"

"मग ही फळी सोडून बाकीचंच का रंगवलं?"

"आमच्यात नियम आहे, मेलेल्याच्या नावावर रंग मारायचा नाही. वैरी असला तरी."

हवालदाराचा चेहरा उजळला. "झालं की, बाई. भावाचंच काम. बहिणीचं नाव तेवढं वाचवलंय."

बाई पुढे सरकल्या. त्यांनी शौचालयाची खिडकी पाहिली. कडी उचकटलेली होती आणि खिडकीतून मागच्या गल्लीत जाता येत होतं. मग चादर पाहिली. बारीक फुलांची, स्वच्छ. मग चित्राभोवतीची भिंत. ती परवाच पांढरी केली होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. खाली फिकट लाकडाची जमीन होती. तिथेही गुडघे टेकून पाहिलं.

"सकाळी इथे कुणी पुसलं?"

"कुणीच नाही," मालकीण म्हणाली. "मी कशालाच हात लावू दिला नाही. आता मात्र मजुरांना बोलावलंय. हे पुढच्या दालनात घेणार, दारासमोर."

"पुसून?"

"छे. उंदरासकट. अहो, आता कुठे त्यात जीव आलाय."

"मग आधी इथे, शौचालयापाशी, कसं काय होतं?"

"जागेचं नियोजन," मालकीण म्हणाली आणि चौथा मेसेज लिहू लागली.

उंदीर रस्त्यावर सापडला. तो आता कंत्राटदाराकडे कामाला होता. शाळेसमोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे मारत होता. तिशीचा, काटकुळा, कोपरापर्यंत पांढरा.

"हाताला रंग आहे, बाई," हवालदार म्हणाला.

"पांढरा आहे," बाई म्हणाल्या. "चित्रावरचा काळा आहे. डोळे आहेत ना तुम्हाला?" मग त्या उंदराकडे वळल्या. "रात्री कुठे होतास?"

"घरी. झोपलो होतो."

"साक्षीला कोण?"

"आई."

आईची साक्ष म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. सरकारी भिंत रंगवल्याबद्दल उंदीर एकदा सहा महिने आत जाऊन आला होता. दुसऱ्यांदा नाव लागलं तर वर्षभर सुटका नव्हती आणि कंत्राटदार तर आजच हाकलणार होता. तो पन्नास पावलांवर उभा राहून बघतच होता. उंदराने त्याच्याकडे पाहिलं आणि ब्रश रंगाच्या बादलीत नीट बुडवून ठेवला, वाळू नये म्हणून.

"फळी मागायला गेला होतास?"

"दोनदा गेलो. शिव्याही दिल्या. तिसऱ्यांदाही दिल्या असत्या."

"मग खिडकीतून शिरलास."

"बाई, मी शिरलो असतो तर उंदीर काढत बसलो असतो का? फळीला चार स्क्रू आहेत. काढले असते आणि फळी घेऊन घरी आलो असतो."

हवालदाराने त्याला जीपमध्ये बसवलंच. बाईंनी अडवलं नाही, पण जीप डब्याच्या स्टुडिओकडे न्यायला सांगितली. डब्याकडून किल्ली त्यांनी आधीच मागून घेतली होती.

स्टुडिओ एका गोदामाच्या तळघरात होता. पत्रकात त्याला 'भूमिगत प्रयोगशाळा' म्हटलं होतं. पायऱ्या उतरल्या उतरल्या हवालदाराचं डोकं छताखालच्या तुळईला आपटलं.

"छतच साडेसहा फूट असेल नसेल," तो कपाळ चोळत म्हणाला.

आत थिनरचा वास होता. तीन छोटी कामं भिंतीला टेकून उभी होती. त्यांचे ओघळ मात्र इतर जगातल्या ओघळांसारखे खाली गेले होते. समोरची भिंत रिकामी होती. तिच्यावर मधोमध मोठा कोरा आयत होता आणि भोवती उडालेल्या स्प्रेचं धुकं बसलं होतं. निळं, नारिंगी, थोडं काळं. बाईंनी टेप लावली. आयताची लांबी नऊ फूट भरली आणि उंची चार.

बाई पायरीवर बसल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. ते हसू काही फार चांगलं नव्हतं.

चार वाजता त्यांनी सगळ्यांना गॅलरीत जमवलं. चित्र आता पुढच्या दालनात होतं, त्याच्यावर दोन दिवे. मालकीण साडी बदलून आली होती. उंदीर दारापाशी हवालदाराजवळ उभा होता आणि त्याची नजर फळीवरून हलत नव्हती.

"लवकर आटपा," मालकीण म्हणाली. "पाहुणे येतील. चोर तर पकडलाय तुम्ही."

"पकडलाय," बाई म्हणाल्या. "पण आधी एक सांगा. हे ओघळ आडवे का?"

डबा सरसावला. "तो नकार आहे. खाली जाण्याला..."

"नकार नाही. छत बुटकं आहे," बाई म्हणाल्या. "काम नऊ फुटांचं, तळघर साडेसहाचं. उभं मावेना, म्हणून तुम्ही ते डाव्या कडेवर आडवं ठेवून रंगवलंत. मान वाकडी करून. रंग खालीच गेला, बिचारा. इथे उभं टांगलं आणि ओघळ आडवे झाले. त्यावर या बाईंनी पत्रक छापलं."

मालकिणीने पत्रक पाठीमागे धरलं.

"आता उंदराचे ओघळ बघा. काल रात्री कुणी खिडकीतून शिरून टांगलेल्या चित्रावर स्प्रे मारला असता तर काळा रंग खाली आला असता. तो डावीकडे गेलाय, निळ्याबरोबर. म्हणजे उंदीर काढला तेव्हाही हे काम आडवंच होतं. आडवं ते फक्त तळघरात असतं."

हवालदाराने दारातूनच मान वाकडी करून ओघळ पाहिले.

"भिंत परवा रंगवलेली. स्प्रे मारला की हातभर लांब धूळ बसते, हे रंगाऱ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. इथे भिंतीवर काही नाही, जमिनीवर नाही, चादरीवर नाही. तळघराच्या भिंतीवर मात्र काळं धुकं आहे. जो काळा स्प्रे कधीच वापरत नाही, त्याच्या तळघरात."

"त्यानंच तिथे घुसून..." डबा म्हणाला.

"घुसला असेल. पण मग चादरीत बांधलं कुणी? मीच, असं सकाळी तुम्ही सांगितलंत. नऊ फुटांवर माणसाएवढा उंदीर आणि तुम्ही तो न बघता बांधलात?"

डबा फाटक्या गुडघ्यावरची इस्त्री नीट करू लागला.

"सकाळी चादर ओढली, खिडकीची कडी उचकटली आणि बोंब ठोकली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच."

"पण तो स्वतःचंच काम का नासवील?" हवालदाराने विचारलं.

बाई मालकिणीकडे वळल्या. "आठवड्यापूर्वी तळघरात तुम्ही याला काय म्हणालात? जागेचं नियोजन सांगू नका."

मालकिणीने कानातलं चाचपलं. "म्हटलं, फार गुळगुळीत झालंय. रस्त्यावरचा राग राहिला नाही. मागे, बोळात लावू."

"शौचालयापाशी. आज ते दारासमोर आहे. राग हवा होता, तो यानं उसना आणला. आणि उसना कुणाकडून? ज्याला एकदा शिक्षा झालीय, ज्याच्यावर कुणीही पटकन विश्वास ठेवणार नाही, त्याच्याकडून. माझ्या हवालदारानं तर दोन मिनिटांत त्याला चोर ठरवलं."

हवालदार खाली पाहू लागला.

"दोन-चार दिवसांत सोडलं असतं त्याला," डबा पुटपुटला. "पुरावा कुठे होता?"

"फळी होती ना," बाई म्हणाल्या. "भावाशिवाय तिला कोण जपणार? चांगली युक्ती होती. पण खरा भाऊ आला असता तर त्यानं फळी इथे ठेवलीच नसती. ती अजून जागेवर आहे, तिथेच मला पहिली शंका आली." त्या डब्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आता एवढंच सांग, तिच्या नावाला वळसा घातलास तो नियम म्हणून की याच्याकडे बोट दाखवायला?"

डब्याने फळीकडे पाहिलं. बाहेर एक गाडी थांबली.

"दोन्ही," तो म्हणाला.

उंदीर पहिल्यांदाच हलला. एक पाऊल पुढे आला आणि थांबला. बाईंना वाटलं, आता हा मारणार, आणि मारलं तर आपण जरा उशिराच मधे पडू. पण तो नुसता बघत राहिला. त्यापेक्षा तो तोंडावर थुंकला असता तर बरं वाटलं असतं, अशी ती नजर होती.

"मेलेल्या पोरीलाही कामाला लावलंस," बाई म्हणाल्या. "खोट्या तक्रारीचा गुन्हा तुझ्यावर. हे दार पुरावा म्हणून जप्त."

"पण उद्घाटन..." मालकीण म्हणाली.

"तुमच्या बादल्या आहेत की." बाईंनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून डब्याच्या हातात दिला. "फळी काढ. तिच्यावर काळा रंग नाही, म्हणजे ती पुरावा नाही. दुकानवाल्याचं मी बघते."

डब्याने चार स्क्रू काढले. तिसरा स्क्रू जमिनीवर घरंगळला. तो उचलायला कुणी वाकलं नाही. फळी निघाली तेव्हा तिच्याखालचं दार कोरं, जुन्या हिरव्या रंगाचं दिसलं.

उंदराने फळी सदऱ्याने पुसली. पांढरे हात लागू नयेत म्हणून ती मनगटांवर तोलून धरली.

"कंत्राटदाराशी मी बोलले आहे," बाई म्हणाल्या. "उद्या कामावर जा तुम्ही. ही लावणार कुठे?"

"लावणार नाही. आईला दाखवणार." त्याने फळी काखेत घेतली, अक्षरं आतल्या बाजूला. "पोरगी भिंती घाण करते म्हणून ती तिच्याशी दोन वर्षं बोलली नव्हती. तिनं ताईचं काम कधी पाहिलंच नाही."

दारात पाहुणे येऊ लागले होते. पहिल्या पाहुणीने उंदराच्या काखेतल्या फळीकडे पाहून विचारलं, हे पण प्रदर्शनातलं आहे का?

"नाही," उंदीर म्हणाला आणि वाट काढत बाहेर पडला.