बुरुजापासून कचेरीपर्यंत

फुटाळा तलावाच्या चौपाटीवर एक माणूस मोबाइल हातात धरून स्वतःशीच बोलत चालला होता. असे बरेच असतात. पण हा म्हणाला, "आता समुद्र उजव्या हाताला ठेवा आणि सरळ चालत राहा…" तेव्हा मात्र मला राहवलं नाही. नागपुरात चौपाटी आहे, समुद्र नाही. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"भाऊ, समुद्र कुठी दिसून राहिला तुम्हाले?"

तो दचकला. कान लाल झाले.

"उजव्या हाताले," तो म्हणाला. "समजा ना जरा!"

त्याचं नाव अंकुश. धरमपेठेतल्या एका लहानशा स्टुडिओत तो रेकॉर्डिंग करायचा. सध्याचं काम कोकणातल्या आडबंदर नावाच्या जुन्या गावाचं होतं. पर्यटकांनी कानात हेडफोन घालायचे आणि हा सांगेल तसं पायी गाव बघायचं — बुरूज, जकात कचेरी, दीपगृह. दोन ठिकाणांच्या मध्ये आवाजानं किती वेळ गप्प राहायचं, ते ठरवायला तो तलावाकाठी तेवढंच अंतर चालून बघत होता. हातात गावाचा नकाशा होता. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"एकट्याच्या चालीचा भरोसा नाही," तो म्हणाला. "लोक जोडीनं फिरतात. तुम्ही चालता का… म्हणजे, कामासाठी?"

"कामासाठी," मी म्हणाले. ते दोघांनाही पटलं नाही, पण चाललो.

मी मयुरा, कामठीची. माझ्या पर्समध्ये तेव्हा टपाल खात्याचं नेमणुकीचं पत्र होतं. रत्नागिरी जिल्हा, एक तारखेला हजर. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. निघालेल्या माणसानं कुणाला जीव लावू नये, असं माझं मत होतं. मत चांगलंच होतं, पण निभावलं नाही.

पुढचे दहा दिवस आम्ही रोज संध्याकाळी चाललो. तो "बुरूज!" म्हणून मोबाइलवर वेळ सुरू करायचा. दहा पावलांवर मी "भुट्टा!" म्हणायची आणि आम्ही थांबायचो. माझ्या कणसावर तो स्वतः लिंबू चोळून द्यायचा… एकदा बोटाला बोट लागलं, तेव्हा दोघंही फार मन लावून पाण्याकडे बघत बसलो.

"वेळ थांबव ना गा. आपण उभे आहोत."

"अरे, हो…" तो म्हणायचा आणि विसरायचा.

शेवटच्या संध्याकाळी दीपगृहापर्यंतचं अंतर चालून आम्ही काठावर बसलो. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पोचली की फोन कर." बोलण्यावर पोट भरणारा माणूस, आणि एवढंच! कामठीच्या ऑटोत डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईला मी धूळ गेली म्हणून सांगितलं. पोचल्यावर फोनही केला नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी मी आडबंदरला गेले. हेडफोन लावले आणि कानात अंकुश बोलायला लागला.

बुरुजापासून जकात कचेरीला मी चार मिनिटांत पोचले. कानात मात्र चिडीचूप. पायरीवर एक काका-काकू हेडफोन लावून ताटकळत बसले होते.

"हा बाबा झोपला की काय?" काका मला म्हणाले.

सात मिनिटं झाली तेव्हा आवाज आला, "आता तुमच्या समोर जकात कचेरी…" मी खो खो हसले. मग हसू थांबलं. वरची ती तीन मिनिटं माझ्या ओळखीची होती. त्यात भुट्टा होता, लिंबू होतं.

मी परत बुरुजापाशी गेले आणि रेकॉर्डिंग तिथूनच पुन्हा लावलं. या वेळी फुटाळ्यावर चालायचो तशी चालले, रमतगमत, थांबत. कचेरीच्या पायरीवर पाय ठेवला आणि बरोबर त्या क्षणी तो बोलला.

मी तिथंच बसून फोन लावला.

"अंकुश, तुझं माप चुकलं गा."

"मयुरा?… माहीत आहे वं. तक्रारी येऊन राहिल्या. साहेब म्हणते, पुन्हा चालून मोज."

"मग?"

"फुटाळ्यावर गेलो होतो ना. एकट्याले चारच मिनिटं लागली. पण ती वरची तीन मिनिटं कापाले हात धजला नाही."

"काहून?"

 

"त्यात तू आहेस," तो म्हणाला. "मले तू आवडते, मयुरा. तवाच सांगाचं होतं. म्हटलं, पोरीले नोकरी लागली… आपण काहून आडवं यावं?"

"मलेही तू आवडतो. अन् आडवं यायचं की नाही, ते मले विचाराचं होतं!"

"चुकलंच." त्याचा श्वास मोठा ऐकू आला. "साहेबाले काय सांगू आता?"

"सांग, माप इथं येऊनच घ्यावं लागते. अन् चालाले दोन माणसं लागतात. एक इथं बसून आहे."

"शुक्रवारच्या गाडीनं निघतो," तो म्हणाला. मग विचारलं, "समुद्र कोणत्या हाताले ठेवू?"

"उजव्या," मी म्हणाले. "डाव्या हाताले मी राहीन."