खंडूविरुद्धच्या शंभर रेषा

मंगळावरच्या तांबडमाळ वस्तीत कोंबड्यांची अंडी कमी का झाली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोष कुणाच्या माथी मारायचा, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. खंडू यंत्रमानव खुराडं झाडायचा आणि उलटून बोलायचा नाही. याहून सोयीचा गुन्हेगार कुठे मिळणार?

"मोडीत काढा त्याला," वस्तीप्रमुख पोतनीसकाकू म्हणाल्या. "तो जितके तास आत, तितकी अंडी कमी. दहा दिवसांची नोंद आहे."

नीरजा खंडूच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिला चालायला खंडूनंच शिकवलं होतं.

तिचे आबा संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी कागदावर दहा ठिपके मांडले. आडवे खंडूचे तास, उभी अंडी. मधून प्रतीपगमन रेषा (सगळ्या ठिपक्यांच्या शक्य तितकी जवळून जाणारी सरळ रेषा) ओढली. तासामागे तीन अंडी कमी, अशी ती उतरत होती.

"असा उतार योगायोगानंही येईल ना, आबा?"

"येईल की. म्हणून आधी धरून चालू, की खंडूचा संबंधच नाही, खरा उतार शून्य. ही शून्य परिकल्पना (तपासून पाहायचं गृहीतक). संबंध नसेल, तर अंड्यांचे आकडे कुठल्याही दिवसाला जोडले म्हणून काय बिघडलं? ते चिठ्ठ्यांवर लिहायचे, चिठ्ठ्या पिसून दिवसांपुढे मांडायच्या, रेषा ओढायची. शंभरदा. एवढा किंवा याहून जास्त उतार किती वेळा येतो, ते मोजायचं."

"पाचापेक्षा जास्त वेळा आला, तर सुटला बापडा," काकू म्हणाल्या.

"सुटला नाही, पुरावा अपुरा पडला. पण पाच ही अट कबूल. निकाल पाहून बदलायची नाही."

नीरजा चिठ्ठ्या पिसू लागली. खंडू रेषा ओढू लागला. खटला स्वतःवरचा, पण एकही रेषा चुकवली नाही. तेवढा किंवा जास्त उतार आला, की नीरजा एक रेघ मारी.

शंभर झाल्या. रेघा दोनच होत्या. आणखी चार मारल्या असत्या, तर फक्त खंडूला कळलं असतं, आणि तो बोलला नसता.

"दोनदाच," ती म्हणाली.



"म्हणजे नुसत्या योगायोगावर भिस्त ठेवता येत नाही," आबा हळूच म्हणाले. "पण कारण रेषा सांगत नाही. चाकांची घरघर असेल. किंवा कोंबड्या आजारी, म्हणून तोच जास्त वेळ थांबत असेल."

काकू नीरजाकडे वळल्या. "आपल्या माणसाविरुद्ध खरं बोललीस, पोरी. तुझा पुढचा आकडाही मानीन मी. महिनाभर त्याच्या एका स्क्रूलाही हात लागणार नाही. तोवर तू कारण शोध."

"उद्या चाकांना रबर लावून जातो," खंडू म्हणाला. "तू अंडी मोज."

नीरजानं डोळे पुसले आणि कोरा कागद पुढे ओढला.