भोजपत्राखालची माती

मे महिन्यातली सकाळ. दिल्लीच्या आंतरराज्य बसअड्ड्यावर आतापासूनच लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, वाहायला लागली होती. गढवालच्या डोंगरातून, गोपेश्वरहून आलेल्या बसमधून मयुरा उतरली ती थर्मोकोलचा एक खोका छातीशी कवटाळूनच. खोक्याच्या तळातून पाणी ठिबकत होतं. तिनं घाईघाईनं झाकण उघडलं... बर्फ संपला होता.

"अरे देवा! आता मरणार सगळे!" ती मोठ्यानं म्हणाली.

"कोण मरणार?"

त्या गर्दीत मराठी ऐकून ती दचकलीच. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. मामाला हरिद्वारच्या बसमध्ये बसवून तो परत निघाला होता.

"जंतू," ती म्हणाली.

"मग उत्तमच की!"

"उत्तम काय? मातीतले जंतू आहेत. पार डोंगरावरून उतरवून आणलेत मी. थंड ठेवले नाहीत तर लॅबमध्ये पोचेपर्यंत सगळं बिघडेल."

"अच्छा... म्हणजे पाहुणे आहेत. थांबा. इथून हलू नका."

तो धावत गेला आणि लिंबू-शिकंजीवाल्याकडून बर्फाची लादी घेऊन आला. सदरा पुढून चिंब भिजला होता.

"तरटात गुंडाळून दिलाय, टिकेल."

"तरट म्हणजे?"

"बोरी, मॅडम, बोरी!" तो हसला. "दिल्लीतच वाढलात वाटतं?"

"लक्ष्मीबाई नगरात," ती जरा फणकाऱ्यानं म्हणाली, आणि मग तिलाही हसू फुटलं.

त्याचं नाव आशय. पुण्याचा. नोएडात नुकत्याच उघडलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, आणि राहायला गाझियाबादच्या नव्या सोसायटीत, जिथे लिफ्टची जागा होती पण लिफ्ट अजून यायची होती. 'पाहुण्यांना पोचवायला' म्हणून तो रिक्षात बसला आणि वाटभर तिला प्रश्न विचारत राहिला. मयुराही सांगत राहिली. डोंगराच्या पायथ्याशी बांजचं, म्हणजे ओकचं जंगल, त्याच्यावर देवदार, मग भोजपत्राची, म्हणजे भूर्जाची झाडं, आणि सगळ्यात वर नुसतं गवत, ज्याला तिथले लोक बुग्याल म्हणतात. प्रत्येक उंचीवरची माती वेगळी, त्यातले जंतू वेगळे.

"झाडांना फॉस्फरस लागतो. मातीत तो असतो भरपूर, पण अडकून बसलेला. जंतू तो सोडवून देतात. वर थंडीत ते काम कसं चालतं, ते मी बघते."

"आणि नाही सोडवला तर?"

"तर झाड उपाशी."

तो रिक्षाबाहेर बघत म्हणाला, "आमच्याकडे उलटं आहे. माझ्या आईची किडनी गेलीय. तिच्या रक्तातून तुमचा तो फॉस्फरस बाहेरच पडत नाही. डॉक्टरांनी दूध बंद केलंय, डाळ बंद केलीय..."

इतकी वर्षं मयुरा या एका मूलद्रव्याचा अभ्यास करत होती, पण त्याच्यापायी कुणाच्या ताटातली वाटी उचलली जाते, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तो पुन्हा भेटला. मग भेटतच राहिला. ऑफिस सुटलं की लॅबच्या पायऱ्यांवर येऊन बसायचा. "पाहुणे बरे आहेत ना?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. "पाहुण्यांना एवढं भेटायला येतं का कुणी?" हा तिचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

गाझियाबादला ती पहिल्यांदा गेली तेव्हा कौशल्याबाईंनी, आशयच्या आईनं, तिला आधी नीट न्याहाळलं. मग आशय पाणी आणायला वळल्याचं बघून हळूच म्हणाल्या, "मातीतलं कळतं ना तुला? मग एक सांग. चमचाभर बासुंदीनं काही होतं का गं?"

"होतं, काकू."

"तूही त्याच्यासारखीच!" असं म्हणून त्या रुसल्या. पण पुढच्या वेळी मयुरानं त्यांना चालतील असे तांदळाच्या पिठाचे पातळ घावन करून नेले, तेव्हा त्या जेवता जेवता पुण्याच्या गोष्टी सांगत बसल्या. डायलिसिसचा दिवस असला की आशय त्यांना पाठुंगळी घेऊन जिने उतरायचा. मयुरा मागून पिशवी घेऊन यायची. "लग्नात नवरीला उचलतात, इथे सासूची वरात निघालीय," असं कौशल्याबाई त्याच्या कानाशी, पण मागे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या आणि मयुरा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

दिवाळीच्या आधी आशयच्या आईजवळ मावशी येऊन राहिली, म्हणून आशयला सुट्टी मिळाली. तो मयुराच्या तुकडीबरोबर डोंगरात गेला. भोजपत्रांच्या उंचीवर पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. मयुरा मात्र तिथे वेगळीच होती. दिल्लीत हळू, जपून बोलणारी मुलगी तिथे उतारावरून धावत होती, गढवाली बायकांना नावानं हाका मारत होती, गुडघे टेकून मातीचा वास घेत होती. पांढऱ्या सालींची झाडं, खाली पिवळ्या पानांचा थर...

"हात पुढे कर," ती म्हणाली, आणि थंडगार काळी माती तिनं त्याच्या ओंजळीत ठेवली. "जिवंत आहे ही. कळतंय?"

तो मातीकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"मयुरा... मला तू फार आवडतेस."

"हे सांगायला इतक्या उंचीवर यावं लागलं तुला?" तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती.

महिन्याभरानं तिच्या लॅबच्या प्रमुखांनी, नरसिंह सरांनी, तिला बोलावलं. डोंगरात, त्याच भोजपत्रांच्या खालच्या गावात, नवं संशोधन केंद्र सुरू होत होतं. कुणीतरी कायमचं तिथे राहायला हवं होतं. मयुरानं तिथल्या तिथे नकार दिला आणि संध्याकाळी आशयलाही सांगून टाकलं, सहज बोलल्यासारखं.

दोघं नेहरू पार्कच्या बाकावर बसले होते.

"का नाही म्हणालीस?"

"का ते तुला माहीत आहे. तिकडे डायलिसिस नाही, काकूंना नेता येणार नाही. आणि तू त्यांना सोडून येणार नाहीस. आलास तर मला आवडणारही नाही."

"मी तुला तिथे बघितलंय, मयुरा."

"मग काय झालं? मी इथे राहीन. लॅब आहे, तू आहेस—"

"खरं सांग. तुला जायचंय?"

ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि बोलता आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "जायचंय. तू पण हवास आणि तेही हवंय. मी जाते... आणि तू नंतर ये. मी थांबेन तुझ्यासाठी."

"नंतर म्हणजे कधी?" त्याचा आवाज फाटला. "विचार कर. नंतर म्हणजे आई गेल्यावर. म्हणजे इतकी वर्षं तू तिकडे आणि मी इकडे, दोघंही तिच्या जाण्याची वाट बघत बसायचं? तिला पाठीवर घेऊन उतरताना प्रत्येक पायरीला माझ्या मनात काय येईल?"

मयुराला रडू आवरेना. त्यानं तिचा हात धरला नाही. धरला असता तर ती गेली नसती, हे दोघांना ठाऊक होतं.

ती गेली. निघायच्या आधी कौशल्याबाईंच्या पाया पडायला गेली, तेव्हा त्यांनी विचारलं नाही काही. तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "थंडीत डोकं झाकून राहा." आशय ऑफिसात होता. मुद्दामच.

डोंगरात मयुराची वर्षं कामात गेली. हिवाळ्यात बर्फाखाली माती झोपते असं लोक म्हणत, पण तिला त्या मातीतही हालचाल सापडली, आणि तिच्या कामाचं नाव झालं. लग्नाची स्थळं आली, ती तिनं परतवली. आशयचं लग्न झाल्याचं तिला दिल्लीतल्या आपल्या आईकडून, हेमलताबाईंकडून, कळलं. त्या दिवशी ती एकटीच बुग्यालपर्यंत चढून गेली आणि अंधार पडायच्या आत परत आली. बस, एवढंच.

कौशल्याबाई डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त जगल्या. त्या गेल्याची बातमीही हेमलताबाईंनीच कळवली. मयुरा खाली बाजारात उतरली, एस.टी.डी. बूथच्या काचेआड उभी राहिली आणि गाझियाबादचा नंबर फिरवला. तो अजून तिला पाठ होता.

फोन एका बाईनं उचलला. आवाज थकलेला, पण मऊ.

"हे घाटावर गेलेत, यायला वेळ लागेल. मी त्यांची बायको, सुखदा. आपण कोण?"

"मी... मयुरा. काकूंचं कळलं, म्हणून..."

मयुराला वाटलं, फोन ठेवून द्यावा.

"मयुराताई," सुखदा म्हणाली, "शेवटी शेवटी आईंना माणसं ओळखू येत नव्हती. मला त्या मयुराच म्हणायच्या. घावन कर म्हणायच्या. डोकं झाक म्हणायच्या."

"मग... तुम्ही काय करायचात?" मयुरानं विचारलं.

"काय करणार?" सुखदा म्हणाली. "ओ द्यायचे."