मिशा असलेली म्हातारी

मला हे नीट आठवतंय का, याची मलाच खात्री नाही. चाळीस वर्षं मी वर्गात पोरांना ‘पुरावा कुठाय?’ म्हणून छळलं, आणि आता माझाच पुरावा काय, तर मावसबहिणीच्या तोंडची गोष्ट. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

या बहिणीला आम्ही मुंगी म्हणायचो. अंगाने एवढीशी, पण ओझं उचलणार दुप्पट. ती एका वयस्क शिल्पकार बाईंच्या हाताखाली शिकली. बाई मातीची माणसं करून भट्टीत भाजायच्या, आणि ती अर्धी किडे असायची. टोळाच्या पायांचा कारकून, भुंग्याच्या पाठीचा हमाल. कोणी नाक मुरडलं तर विचारायच्या, “माणूस नुसता माणूस असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” आणि भाजलेलं काम हातात घेतलं की म्हणायच्या, “आगीत सगळं आठव्या हिश्श्याने आकसतं. घमेंड तेवढी आकसत नाही.”

बाई गेल्या. मागे एक कच्ची मूर्ती राहिली. म्हातारीचा चेहरा, ओठांवर लांब मिशा, पाठीवर रातकिड्याचे पंख, पोट मोठं आणि पोकळ.

सतरा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी बाईंच्या मुलाने मुंगीच्या हातात भट्टीच्या शेडची चावी ठेवली. “तुझी हत्यारं आज रात्री घेऊन जा. सकाळी आठला ट्रक येतोय. कच्चं असेल ते सगळं फोडून भरणार.”

“दादा, ते बाईंचं शेवटचं काम आहे.”

“म्हणून तर. लोक म्हणतील, शेवटी म्हातारीचं डोकं फिरलं होतं.”

सव्वादहाला मुंगी शेडमध्ये गेली ती खरंच हत्यारं आणायला. पिशवी भरली, दारापर्यंत आली आणि परत फिरली. कच्ची मूर्ती फोडली की मातीची माती. पण पेटलेल्या भट्टीत असली तर तिला हात कोण लावणार? तिने म्हातारी आणि स्वतःच्या सहा कच्च्या मूर्ती भट्टीत मांडल्या, दार लावलं, गॅस पेटवला. मग दादाला फोनवर निरोप धाडला : ‘ट्रक खुशाल आण. तापल्या भट्टीत हात घालणारा माणूसही आण.’

“भारीच की ही मुंगी,” असं तुम्ही म्हणणार. भारीच. पण एक चूक करून बसली होती.

पावणेएकला भट्टीत आवाज झाला. टक्.

तेव्हा तिला आठवलं. पोकळ मूर्तीला वाफ जायला भोक ठेवावं लागतं. नाहीतर वाफ कोंडते, मूर्ती फुटते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते. मांडताना तिचा हात म्हातारीच्या पोटाखालून फिरला होता. पोट गुळगुळीत होतं. भोक पाडायच्या आधीच बाई गेल्या होत्या.

दार उघडावं तर गार हवेने सगळ्याच तडकणार. गॅस बंद करावा तर आठपर्यंत भट्टी निवणार, आणि दादाचं फावणार.

टक्.

बाहेरचे रातकिडे थांबले. सगळे. एकदम.

भट्टीच्या दारात विटेच्या तुकड्याने बुजवलेला झरोका असतो. तिने वीट काढली. आत ज्वाळेचा निळा उजेड. म्हातारी दिसली. आणि तिच्या पोटाखाली...

हात.

मनगटापासून पुढे. नखांत माती.

...

मी असतो तर पळालो असतो, हे आधीच कबूल करतो. मुंगी हलली नाही. झरोक्याशी तोंड नेऊन म्हणाली, “बाई, तुम्ही असाल तर हातभार लावा. दुसरं कोणी असेल तर बाजूला व्हा. मी गॅस बंद करणार नाही.”



टक् पुन्हा झालं नाही. तिने वीट बसवली आणि स्टूल ओढून भट्टीकडे तोंड करून बसली. पहाटे सहापर्यंत. भाजणी पुरी झाली, तेव्हाच गॅस बंद केला.

आठला ट्रक आला. हमालाने दाराजवळ हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. “साहेब, तुम्हीच काढा,” म्हणाला. ट्रक रिकामा गेला.

भट्टी निवायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ व्हावी लागली. दादाच्या समोरच उघडली. साती मूर्ती शाबूत. म्हातारीच्या पोटाखाली अंगठ्याएवढं भोक. काठ दाबून नीट केलेला, त्यावर अंगठ्याचा ठसा, आणि ठशावर आडवा व्रण. माती कापायच्या तारेने बाईंचा अंगठा कधीकाळी चिरला होता, त्याचा.

दादाने वाकून भोक पाहिलं. मग म्हणाला, “आईने आधीच पाडलं असेल. घाईत तुझ्या हाताला लागलं नसेल.”

“नसेल,” मुंगी म्हणाली.

फोडायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मलाही दादाचंच पटत होतं. घाईत हात चुकतो, आठवण तर त्याहून चुकते. नऊ वर्षांनी त्याच्याकडे एक कागद सापडला. शेवटच्या आजारात बाईंना सही जमेना, म्हणून दवाखान्याने अंगठा उठवून घेतला होता. मी मोजपट्टी घेऊन गेलो. तीनदा मोजलं, मग मुंगीकडून मोजून घेतलं.

कागदावर व्रण सोळा मिलिमीटर. म्हातारीच्या पंखांवर बाईंचे ठसे आहेत, तिथे तोच व्रण चौदा. आगीत आकसायला हवा तेवढाच आकसलेला.

भोकाच्या काठावर सोळा.