दुमाईच्या टाकीवरचा ठसा

"सही करणार नाही म्हणजे नाही," असं म्हणत तिगोर सिहोतांगनं टोपी टेबलावर आपटली. "तो सांधा माझा नाहीच, इबू."

इबू, म्हणजे तिकडच्या बोलीत बाई; ही हाक होती खासगी गुप्तहेर रोतुआबाईंना. दुमाई बंदरात तेलाची नवी टाकी उभी राहिली होती. सकाळी पाणी भरून तिची चाचणी झाली आणि तळाचा एक उभा सांधा पाझरला; पाणी सोडून टाकी रिकामी करावी लागली. शेजारी पत्र्यात ठोकलेला ठसा तिगोरच्या वेल्डर-क्रमांकाचा. कंपनी म्हणे, कबुलीवर सही कर. म्हणजे वेल्डरचा परवाना कायमचा गेला, आणि जन्मभराचं पोटपाणीही.

रोतुआबाई तडक निघाल्या. मागे कुरकुरत त्यांचा मदतनीस स्यामसुल.

परांच्या केव्हाच उतरवल्या होत्या. पाण्यानं आणि खाऱ्या वाऱ्यानं पत्रा तांबूस गंजला होता. वेल्डिंग खालून वर जातं, हात थांबतो तिथंच आम्ही ठसा ठोकतो, असं तिगोर म्हणाला. त्याचे बाकीचे ठसे तसेच होते, उंचावर आणि गंजलेले. हा एकच गुडघ्याशी. तो पाहायला रोतुआबाईंना उकिडवं बसावं लागलं. त्याच्या खाचा चकचकीत होत्या.

तपासनीस हफीझ चाचरत बोलला. नियमाप्रमाणे निवडक सांध्यांचेच एक्स-रे काढतात, त्यात हा नव्हता. ठशांचे पंच रोज मुकादमाच्या पेटीत जमा होतात.

मुकादम वार्सितो मात्र छाती काढून म्हणाला, "सांधा पुरा झाला तेव्हा मी स्वतः परांचीवर चढलो होतो. यानं ठसा ठोकलेला या डोळ्यांनी पाहिलाय."

"संपलं की मग," स्यामसुल पुटपुटला.

"संपलंच," रोतुआबाई म्हणाल्या आणि त्यांनी व्यवस्थापक हेल्मींना बोलावून घेतलं.

"गुडघ्याशी असलेला ठसा पाहायला परांचीवर कशाला चढावं लागतं, मुकादम? सगळा पत्रा गंजलाय आणि ठसा तेवढा कोरा करकरीत. म्हणजे तो आज, गळती सापडल्यावर, जमिनीवर उभं राहून मारलाय. पंच तुमच्या पेटीतला. आधी तिथं ठसाच नव्हता, कारण वेल्डिंग करणाऱ्याला क्रमांकच नव्हता. परीक्षा न दिलेला माणूस कोणी आणला?"

वार्सितोनं खाली पाहिलं. मेहुणा होता, एवढंच तो बोलला.

हेल्मींनी कपाळ पुसलं. मुकादमाला काढतो, तिगोरचा परवाना शाबूत, तो सांधा आजच दुरुस्त करू, असं ते गोडीत म्हणाले. फक्त बोभाटा नको, उद्या तेल भरायचंय.

"आणि मेहुण्याचे बाकीचे सांधे?" तिगोरनं विचारलं. "सगळ्यांचे एक्स-रे काढा."

"वेळ नाही."

"कुंपणापलीकडे माझी पोरं झोपतात, साहेब."

"तुझं काम झालंय. घरी जा."

परवाना वाचला होता. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. तिगोर टाकीच्या तळाशी असलेल्या उघड्या दारातून वाकून आत शिरला आणि मधोमध मांडी घालून बसला.

"माणूस आत असताना हे दार लावता येत नाही, आणि दार लावल्याशिवाय तेल भरता येत नाही," तो आतून म्हणाला. "तुमचाच नियम आहे."

रोतुआबाईंनी चपला काढल्या आणि त्याही आत गेल्या.

स्यामसुलनं हेल्मींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "आत फार उकडेल हो," तो म्हणाला, आणि पोट आवरत त्यांच्यामागून शिरला.